सांदवाडीतल्या काळ्या मातीचा सामू उतरवायचा असेल तर

भेदराची रोपं लावून महिना होतो आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडायला लागतात. शिरा मात्र हिरव्याच राहतात. पान उन्हाकडे धरून पाहिलं तर पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखं दिसतं. खालची जुनी पानं चांगली हिरवीगार, आणि वरची नवी पिवळी. तुमच्या सांदवाडीत असं दिसत असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहिलं आहे. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, भेदरं म्हणजे टोमॅटो आणि सांदवाडी म्हणजे घरामागची भाजीपाल्याची जागा.)

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. लग्न होऊन आले तेव्हा घरामागे चार गुंठे रिकामी जागा होती, माती काळीभोर. मला वाटलं, अशा मातीत काहीही येईल. पहिल्या वर्षी पानं पिवळी पडली तेव्हा युरिया कमी पडला असं समजून युरिया दिला. पानं आणखी पिवळी झाली. मग सासूबाईंच्या सांगण्यावरून चुलीची राख टाकली. दुसऱ्या वर्षी एका कृषी केंद्रातून जिप्समची बॅग आणली, कारण दुकानदार म्हणाला की जमीन सुधारते. दोन हंगाम असेच गेले. माती तपासायला दिली ती तिसऱ्या वर्षी, आणि अहवालात सामू ८.३ निघाला. त्या दोन वर्षांत मी जे जे टाकलं त्यातलं काहीच त्या रोपांच्या कामाचं नव्हतं, आणि राखेनं तर उलटं काम केलं होतं.

सामू (पीएच) म्हणजे माती आंबट की चुनकट हे सांगणारा आकडा. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. एक गोष्ट मनात पक्की ठेवा: हा आकडा साध्या फूटपट्टीसारखा चालत नाही. ८ वरून ७ वर येणं म्हणजे विम्लता दहा पटींनी कमी करणं. म्हणून "एवढासा एक अंक तर उतरवायचा आहे" असं म्हणून चालत नाही. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ सामू मानवतो, साडेसातपर्यंतही त्या निभावून नेतात. त्याच्या वर गेलं की मातीत लोह आणि जस्त असूनही मुळांना मिळत नाही. आपली काळी माती काळ्या पाषाणापासून झालेली, तिच्यात लोह भरपूर असतं. पण ते कुलुपात असतं, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात.

१. आधी माती तपासा, मगच दुकानात जा

नमुना घ्यायची चांगली वेळ एप्रिल-मे, म्हणजे वाफे रिकामे असतात आणि नुकतंच खत दिलेलं नसतं. लागेल ते एवढंच:

- लाकडी खुंटी किंवा प्लास्टिकचं खुरपं (जस्त-लोह तपासायचं असेल तर गंजलेली लोखंडी अवजारं टाळा)
- स्वच्छ घमेलं किंवा प्लास्टिकची बादली
- नवी कापडी पिशवी. खताची रिकामी पिशवी चालणार नाही, तिच्यातले कण अहवाल बिघडवतात
- चिठ्ठी: नाव, गाव, मोबाइल नंबर, नमुना घेतल्याची तारीख, आधी काय होतं आणि आता काय लावायचं आहे. शेताच्या नमुन्यावर गट क्रमांक लिहितात. सांदवाडी गावठाणात असेल तर "घरामागची परसबाग" असं लिहून घराचा पत्ता द्या

सांदवाडीत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडून घमेल्यात घाला. उकिरड्याजवळ, झाडाच्या बुडाशी, न्हाणीचं पाणी जातं तिथे आणि पूर्वी चूल होती त्या जागी नमुना घेऊ नका. सगळी माती एकत्र करून गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाका. उरलेल्याचे पुन्हा चार भाग करा. अर्धा किलो राहीपर्यंत असं करत जा. माती सावलीत वाळवा.

नमुना जिल्ह्याच्या मृदा चाचणी प्रयोगशाळेत किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यायचा. वर्धा जिल्ह्याचं केंद्र सेलसुऱ्याला आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही माती तपासतात. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारलं तर तुम्हाला सोयीचं कोणतं ते तो सांगेल.

इथे एक गोम आहे आणि ती मला कोणी सांगितली नव्हती. २०१५ पासून जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते तिच्यात बारा गोष्टी असतात: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. मुक्त चुना, म्हणजे मातीत मोकळी असलेली चुनखडी, त्यात नसतो. आणि सामू उतरवायचा की नाही हे ठरवायला आपल्याकडे तोच आकडा सगळ्यात महत्त्वाचा. नमुना देतानाच "मुक्त चुन्याचं प्रमाणही पाहिजे" असं सांगा, चिठ्ठीवर लिहा, आणि त्याचं वेगळं शुल्क असेल तर भरा.

२. घरच्या घरी चुनखडीची परीक्षा

अहवाल यायला वेळ लागतो. तोवर हे करून पाहा. सांदवाडीतलं वाळलेलं ढेकूळ घ्या, बशीत फोडा आणि वरून किराणा दुकानात मिळणारं साधं व्हिनेगर चमचाभर ओता. कान जवळ न्या. सोड्याची बाटली नुकतीच उघडल्यासारखा बारीक सूं आवाज येईल आणि ढेकळावर बुडबुड्यांची फेसाळ कड दिसेल. जितका फेस जोरात, तितका चुना जास्त. आवाज नाही, बुडबुडे नाहीत, तर मुक्त चुना नाही किंवा अगदी थोडा आहे. लिंबाच्या रसानंही होतं, पण आवाज मंद असतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याची फसगत होते.

मातीत ज्वारीएवढे, हरभऱ्याएवढे पांढरट खडे सापडत असतील तर तेही व्हिनेगरमध्ये टाका. आमच्याकडे असे खडे खणता खणता घमेलंभर निघाले होते आणि मी ते मुरमाचे समजत होते. ते चुनखडीचे होते.

सामू घरी पाहायचा असेल तर २० ग्रॅम वाळलेली, चाळलेली माती काचेच्या ग्लासात घ्या आणि ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घाला. हे पाणी बॅटरीत भरायचं पाणी म्हणून मिळतं. विकत घेताना ते साधं पाणीच आहे, ॲसिड नाही, हे बाटलीवर वाचून घ्या. अर्धा तास मधून मधून ढवळा, गाळ थोडा बसू द्या, वरच्या पाण्यात सामू पट्टी बुडवा. पट्टी अर्ध्या-अर्ध्या अंकाचा फरक दाखवणारी घ्या. नळाचं किंवा बोअरचं पाणी वापरलंत तर तुम्ही मातीचा नाही, पाण्याचा सामू मोजाल. मातीत दोन सळया खुपसून आकडा दाखवणारं स्वस्त यंत्र मी घेतलं होतं. एकाच वाफ्यात सकाळी एक आणि दुपारी दुसरा आकडा दाखवायचं. त्यावर पैसे घालू नका.

३. तुमची माती कुठल्या घरातली ते ओळखा

विदर्भ म्हणजे सगळी काळी माती असं नाही, आणि उपाय मातीप्रमाणे बदलतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात तांबूस-पिवळसर हलक्या जमिनी खूप आहेत आणि त्यातल्या पुष्कळ उदासीन किंवा किंचित आम्ल आहेत. तुमचा सामू तिथे साडेसहाच्या आसपास आला तर काहीही उतरवायचं नाही. उगाच गंधक टाकाल तर चांगली माती बिघडेल.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ही वेगळीच गोष्ट. तिथली माती बऱ्याच ठिकाणी चोपण असते: वाळली की दगड, भिजली की लोणी. पावसाचं गढूळ पाणी दिवस दिवस वर साचून राहतं. सामू साडेआठच्या वर असतो. इथे दोष सोडियमचा आहे. सोडियमला मातीच्या कणांवरून हटवायला कॅल्शियम लागतं, म्हणून इथे जिप्सम खरंच कामाचं आहे. पण मात्रा प्रयोगशाळेकडून काढून घ्या, आणि सुटलेला सोडियम धुऊन जायला पाण्याचा निचरा आधी करा. चर न काढता नुसतं जिप्सम टाकलं तर सोडियम जागच्या जागी राहतो. तिथलं विहिरीचं पाणीही खारं असतं, तेच पुन्हा वाफ्याला दिलं तर सगळं मुसळ केरात.

तिसरी माती म्हणजे आमच्यासारखी: वर्धा, यवतमाळ, नागपूर, अमरावतीची काळी, चिकण, चुनखडीची. सामू पावणेआठ ते साडेआठच्या दरम्यान, व्हिनेगर टाकलं की सूं आवाज. या मातीत जिप्सम सामू उतरवत नाही, कारण तिच्यात कॅल्शियम आधीच हवं त्याहून जास्त आहे. पुढचं सगळं मुख्यतः या तिसऱ्या मातीसाठी आहे.

४. गंधक आणण्याआधी हा हिशोब करा

गंधक मातीत टाकलं की मातीतले काही जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल सामू उतरवतं. पण मातीत चुनखडी असेल तर आम्ल आधी तिच्याशी झगडतं. चुनखडी संपल्याशिवाय सामू खऱ्या अर्थानं हलत नाही.

१ किलो गंधक साधारण ३ किलो चुनखडी संपवतं. आता आपला एक वाफा धरा, ४ फूट रुंद, १० फूट लांब. त्याच्या वीतभर खोलीत अंदाजे ७०० किलो माती असते. मुक्त चुना ५ टक्के असेल तर त्या एका वाफ्यात ३५ किलो चुनखडी झाली. ती संपवायला ११ ते १२ किलो गंधक लागेल. एका वाफ्याला! एवढं गंधक एकदम टाकलं तर रोपं तर जातीलच, मातीतले जीवही जातील.

हा हिशोब मी कागदावर मांडला तेव्हा माझ्या डोक्यातलं सगळं बदललं. सगळ्या सांदवाडीचा सामू उतरवायचा नाद सोडा. रोपाच्या मुळाभोवतीची ओंजळ-दोन ओंजळ माती बदला, तिला पाणी चांगलं द्या आणि जी पिकं चुनखडीत आनंदानं येतात ती बाकीच्या जागेत लावा. पालक, मेथी, बीट, कोबी, भेंडी, गवार यांची आमच्या मातीत कधी तक्रार आली नाही. भेदरं, मिरची आणि बटाटा यांच्यासाठीच वेगळी खटपट करावी लागते.

मुक्त चुना अगदी नगण्य असेल, व्हिनेगरला फेस येत नसेल आणि सामू मात्र पावणेआठ असेल, तर अख्खा वाफा सुधारता येतो. अशा चिकण मातीला एका चौरस मीटरला १०० ग्रॅमच्या आसपास गंधक एका वर्षाला पुरे. त्याहून जास्त एका दमात नको.

५. सामान

- गंधक. कृषी केंद्रात दोन रूपात मिळतं: ९० टक्के बेंटोनाइट गंधकाचे (बेंटोनाइट ही एक चिकणमाती) मसुराएवढे दाणे, आणि भुकटी. दाणे हाताळायला सोपे, ओल लागली की फुगून फुटतात, पण काम सावकाश करतात. भुकटी लवकर काम करते, पण डोळ्यांत आणि घशात जाते
- चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत
- अमोनियम सल्फेट, युरियाच्या बदल्यात
- हिराकस (फेरस सल्फेट, यात लोह असतं) आणि लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड), फवारणीसाठी
- सामू पट्ट्या, छोटा वजनकाटा, फडकं, चष्मा, हातमोजे
- आच्छादनासाठी कुटार किंवा गव्हांडा (मळणीनंतर उरलेला भुसा-काड)

दुकानात "सल्फर द्या" म्हटलं की कधी कधी सिंगल सुपर फॉस्फेट किंवा एखादं सल्फेट पुढे येतं, "यातही सल्फर आहे" म्हणून. त्यात गंधक सल्फेटच्या रूपात आहे, म्हणजे त्याचं आम्ल व्हायचं काम आधीच संपलेलं आहे. पिकाला अन्न म्हणून ते चांगलं, सामू उतरवायला उपयोग नाही. आपल्याला मूळ रूपातलं गंधक पाहिजे, पिवळं. बॅगवर वाचून घ्या.

गंधक चुलीपासून, देव्हाऱ्यातल्या दिव्यापासून आणि खतांच्या बॅगांपासून दूर ठेवा. ते पेट घेतं आणि त्याचा धूर श्वासाला फार वाईट. घरात लहान मुलं असतील तर कुलुपात ठेवा.

६. मे महिन्यात जागा तयार करा

गादीवाफा करा, आजूबाजूपेक्षा वीतभर उंच. चुनखडीच्या मातीत याला फार मोल आहे. तुम्ही पाहिलं असेल, जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली, चार-पाच दिवस पाऊस थांबला नाही की सोयाबीन पिवळं पडतं आणि उघडीप मिळाली की आपोआप सुधारतं. कारण असं की, मातीतल्या सगळ्या फटी पाण्यानं भरतात, मुळांच्या श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही, चुनखडीशी मिळून त्याचं बायकार्बोनेट होतं आणि ते लोह अडवून धरतं. सांदवाडीतल्या भेदराचंही तेच होतं. निचरा झाला की अर्धं पिवळेपण तिथेच थांबतं, गंधकाचा एक दाणाही न टाकता.

४ बाय १० फुटांच्या वाफ्याला २० ते २५ किलो कुजलेलं शेणखत वरच्या वीतभर मातीत मिसळा. शेणखत स्वतः आंबट नसतं. पण ते मातीत कुजत राहतं तेव्हा जी सौम्य आम्लं तयार होतात ती मुळाजवळचं लोह मोकळं करतात, आणि चिकण माती भुसभुशीत होते ते वेगळंच. कोंबडीखत मात्र या जमिनीत टाळा. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना असतो, तो खतात उतरतो.

जागा मोकळी राहणार असेल तर जूनमध्ये बोरू किंवा धैंचा पेरा, ४०-४५ दिवसांत फुलावर यायच्या सुमारास कापून तिथेच गाडा. माझ्या अनुभवात सांदवाडीला सगळ्यात जास्त फरक बोरूनं पडला.

७. गंधक कुठे, किती, कधी

वेळ सांगते आधी, कारण बहुतेकांची चूक इथेच होते. जिवाणूंना काम करायला ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागतात. एप्रिलच्या ४४-४५ अंशांच्या कोरड्या मातीत गंधक टाकून ठेवलं तर ते तसंच पडून राहतं. डिसेंबरच्या थंडीत काम रेंगाळतं. आपल्याकडे योग्य काळ जूनचा पहिला चांगला पाऊस ते सप्टेंबर. म्हणजे मृगाच्या पावसावर गंधक मिसळायचं आणि भेदरं-मिरचीची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लावायची. मधले तीन महिने ते गंधकाचे.

ओळीनं लावणार असाल तर: वाफ्यात वीतभर रुंद, वीतभर खोल चर काढा. १० फुटांच्या चराला ५० ते ६० ग्रॅम गंधक आणि एक घमेलं शेणखत. चरातून निघालेल्या मातीत दोन्ही नीट कालवा, पुरणात गूळ कालवतात तसं, कुठे पिवळा गोळा दिसता कामा नये. मग ती माती परत चरात भरा. ओळ कुठे आहे ते कळायला दोन्ही टोकांना पऱ्हाटी (कपाशीची वाळकी काडी) रोवून ठेवा.

आळ्यात एकेक रोप लावणार असाल तर: फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा. निम्मी माती काढून टाका, तिच्या जागी शेणखत घाला, १५ ते २० ग्रॅम गंधक मिसळा. चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका, वजन करा. मी पहिल्या वेळी मुठीनं टाकलं होतं आणि तेही रोप लावताना, थेट मुळाशी. बारा रोपांतली सात आठवड्याभरात करपली.

भुकटी वापरत असाल तर वारा पडलेला असताना, नाकातोंडाला फडकं बांधून, चष्मा लावून काम करा.

यानंतर पाऊस ओढला तर वाफा ओलसर ठेवा, वर कुटाराचा चार बोटं थर द्या. ओल टिकते आणि कुटार कुजून पुन्हा मातीत जातो. पाणी तुंबू देऊ नका. हवा नसेल तर जिवाणू थांबतात.

रोपं लागल्यावर नत्रासाठी युरियाऐवजी अमोनियम सल्फेट द्या. ४ बाय १० च्या वाफ्याला एका वेळी ५० ते ६० ग्रॅम, हंगामात तीन वेळा. हे खत त्यातल्या अमोनियममुळे (सल्फेटमुळे नाही) मुळाजवळची माती किंचित आम्ल करतं. पण चुनखडीच्या मातीवर ते उघडं टाकलं तर त्यातला नत्र अमोनिया होऊन हवेत उडतो. नाकाला झोंबणारा वास आला की समजा उडतोय. खुरप्यानं दोन बोटं मातीआड करा आणि लगेच पाणी द्या.

८. पाणी तपासलं नाही तर सगळं फुकट

बोअरचं पाणी तापवलेल्या भांड्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो ना? तोच चुना तुम्ही रोज वाफ्याला देताय. एका बाजूनं गंधक सामू खाली ओढणार आणि दुसऱ्या बाजूनं बादलीनं चुना येणार.

टिनाच्या छपराचं पावसाचं पाणी पन्हाळीतून ड्रममध्ये धरा. पावसाच्या पाण्यात चुना नसतो आणि ते स्वतः किंचित आम्ल असतं. आमच्याकडे २०० लिटरचे तीन ड्रम आहेत. ते पाणी फक्त भेदरं-मिरचीला आणि फवारणीला राखून ठेवते. ड्रमावर जाळी बांधा, नाहीतर डास होतात. पालक-मेथीला बोअरचं पाणी चालतं. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेलं पाणी झाडांना घालू नका, त्यात चुना आणि क्षार आणखी दाट झालेले असतात.

कुंड्यांपुरतं बोअरच्या पाण्यात लिंबूसत्त्व घालता येतं. १० लिटरला १ ग्रॅमपासून सुरुवात करा, पट्टीनं पाहा, साडेसहाच्या आसपास थांबा. त्याचा परिणाम टिकाऊ नसतो, म्हणून सगळ्या बागेला ते परवडत नाही. बॅटरीचं ॲसिड पाण्यात घालायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. हातावर, डोळ्यांत उडालं तर कायमची इजा होते.

९. रोप आत्ताच पिवळं आहे, तर

गंधकाला महिने लागतात. उभ्या पिकाला तोवर पानांवाटे लोह द्या. १ लिटर पावसाच्या पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा, मग ५ ग्रॅम हिराकस. फडक्यातून गाळा आणि संध्याकाळी, ऊन उतरल्यावर कोवळ्या पानांवर दोन्ही बाजूंनी फवारा. त्याच दिवशी संपवा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा.

हिराकस घेताना पुडी उघडून पाहा. खडे फिकट हिरवे, काचेसारखे असले तर ताजे. तांबूस, गंजल्यासारखी भुकटी झाली असेल तर त्यातलं लोह झाडाला मिळण्याच्या स्थितीत राहिलेलं नाही. अंगावरचे चांगले कपडे घालून फवारू नका, डाग निघत नाहीत.

फवारणीनं आधीची पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. नवीन फूट हिरवी येते का ते पाहा. हिराकस मातीत नुसतं टाकलं तर चुनखडी ते काही दिवसांत अडकवते. चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या पदार्थानं धरून ठेवलेलं लोह) घ्यायचं असेल तर डब्यावर ईडीडीएचए लिहिलेलं पाहा. ईडीटीए या प्रकारचं फवारायला चालतं, पण ८ सामूच्या मातीत ते तग धरत नाही.

आणि पिवळेपण खालच्या जुन्या पानांपासून सुरू झालं असेल, सबंध पान शिरांसकट फिकट होत असेल, तर ती बहुधा नत्राची कमतरता आहे. त्याला लोह फवारून उपयोग नाही.

१०. घरोघरी होणाऱ्या चुका

चुलीची राख. सासूबाई म्हणायच्या, "आमी जनमभर टाकली, आमाले तं काही झालं नाही." त्यांचं खरंही होतं, त्या वांगी आणि पालक लावायच्या, आणि पानांवर राख धुरळली की मावा कमी होतो. पण राख सामू वाढवते. भेदराच्या बुडाशी तिचा ढीग घालू नका. आता आमच्याकडे राख भांडी घासायला जाते. अंड्याची टरफलं, घर रंगवून उरलेला चुना, पडक्या भिंतीचा मलबा यांनाही वाफ्यापासून लांब ठेवा. सिमेंटच्या भिंतीलगतचा हातभर पट्टा तर भेदराला देऊच नका.

तुरटीचं पाणी. सामू उतरतो, पण तिच्यात ॲल्युमिनियम असतं आणि ते जास्त झालं तर मुळांना बाधतं. खाण्याच्या भाज्यांच्या मातीत मी ते घालणार नाही.

ताक, लिंबाच्या साली, चहाचा चोथा. कुजवून खतात घाला, चांगलं आहे. त्यानं चुनखडीच्या मातीचा सामू उतरेल ही आशा ठेवू नका.

चार उपाय एकदम. गंधकही टाकलं, फवारणीही केली, पाणीही बदललं, तर कशानं फरक पडला ते कळत नाही. निदान एक ओळ कशालाही हात न लावता तशीच ठेवा.

११. फेरतपासणी

गंधक मिसळल्यावर चार महिन्यांनी, रोपाच्या मुळाजवळची माती घ्या आणि त्याच वाफ्यातली दोन ओळींमधलीही घ्या. दोन वेगळ्या ग्लासांत, त्याच पाण्यात, त्याच पट्टीनं मोजा. आमच्याकडे चराच्या जागी साडेसात आणि ओळींच्या मध्ये पूर्वीचाच आठच्या वरचा सामू दाखवला. बाजूची चुनखडी हळूहळू चरात पसरते, म्हणून तो साडेसात पुढच्या मेपर्यंत पुन्हा वर सरकतो. दरवर्षी मृगाला चर उघडून निम्म्या मात्रेनं गंधक आणि घमेलंभर शेणखत द्यावं लागतं. प्रयोगशाळेची पूर्ण तपासणी दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते.

एका वहीत वाफ्याचा नकाशा काढा आणि तारीख, गंधक किती, पाऊस कधी आला, पहिलं पिवळं पान कधी दिसलं हे लिहून ठेवा. चराच्या टोकाच्या पऱ्हाट्या पावसात कुजतात, तेव्हा ओळ कुठे होती हे वहीवरूनच सापडतं.